सरहद्द उंबऱ्यापाशी

हातातली कामं आवरून दोन घटका बसला असाल, तर आज थोडा इतिहास ऐकूया. फार जुना नाही, आपल्या डोळ्यांदेखत घडलेला.

मी नवी मुंबईत बेलापूरला राहते. जवळच दिवाळे कोळीवाडा आहे, खाडी उतरून पुढे गेलं की उरण, मोरा, करंजा. लहानपणी कुणी विचारलं, "देशाची सरहद्द कुठे?" तर आम्ही सांगायचो, काश्मीर, पंजाब. तुमच्याकडेही तसंच असणार. सातारा-कोल्हापूरकडची पोरं फौजेत जायची, तिकडून पत्रं यायची. पोरगा जिथे पहाऱ्याला उभा, ती सरहद्द. समुद्र म्हणजे मासळी, मीठ आणि मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच. किनाऱ्यावर चोरटं सोनं उतरतं हे कानावर यायचं, पण तो कस्टमवाल्यांचा मामला. आपल्याला काय त्याचं!

हा समज पहिल्यांदा हादरला १९९३ साली. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत रायगडमधल्या श्रीवर्धन तालुक्यात, दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर, शस्त्रं आणि आरडीएक्स हे स्फोटक उतरवलं गेलं. माल गाडीत भरून निघाला. वाटेत पोलिसांनी अडवलाही, पण पैसे घेऊन सोडला. १२ मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. पुढे खटल्यात काही कस्टम अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही शिक्षा झाली. सोनं जाऊ देणाऱ्या हाताला बॉम्बही जाऊ देणं जड गेलं नाही, हे त्या खटल्यातून दिसलं.

त्यानंतर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम यांनी मिळून समुद्रात गस्त सुरू केली. तरी किनारा हीच सरहद्द आहे, हे आपल्या मनात काही उतरलं नाही.

ते उतरलं २६ नोव्हेंबर २००८ ला. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी भरसमुद्रात 'कुबेर' नावाची गुजरातची मासेमारी बोट पळवली. बोटीवरच्या चार खलाशांना मारलं. तांडेलाकडून मुंबईजवळ येईपर्यंत बोट हाकवून घेतली आणि मग त्यालाही मारलं. या हल्ल्याचे पहिले बळी मासेमारीला गेलेली गरीब माणसं होती, हे आपण विसरतो. रात्री ते रबरी होडीतून कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं, कोण, कुठले म्हणून हटकलंही. उडवाउडवीची उत्तरं देऊन ते निघून गेले. पुढच्या तीन दिवसांत १६६ जीव गेले.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या, म्हणून तो जिवंत सापडला. ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी फौजेत होते, मग पोलिसात आले. फौजेत राहिलेल्या माणसाला शत्रू भेटला तो मुंबईच्या चौपाटीवर. सरहद्द कुठवर आली होती, ते यातून कळतं.

मग बरंच बदललं. २००९ मध्ये समुद्री सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाकडे आली. सागरी पोलीस ठाणी वाढली. आमच्याकडे आज मोरा सागरी आणि एनआरआय सागरी अशी ठाणी आहेत. मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, होड्यांची नोंदणी कडक झाली, गावोगावी सागर रक्षक दलं उभी राहिली.

पण याचं ओझंही किनाऱ्यावरच्याच माणसांवर पडलं. पिढ्यानपिढ्या ज्या पाण्यावर पोट भरलं, तिथेच होडी अडवून कागद मागितले जातात. परगावाहून आलेला खलाशी, भाड्याने खोली मागणारा परधर्माचा पोरगा, यांच्याकडे संशयाने पाहिलं जातं. इथेच आपण चुकतो. लक्ष ठेवायचं ते कृत्यावर: रात्री अनोळखी होडी लागली, जड खोकी उतरली, बेवारस पिशवी पडली. नावावर, पेहरावावर किंवा भाषेवर नाही.

आणखी दोन गोष्टी सांगते. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं. उरीचा हल्ला होऊन चारच दिवस झाले होते. नौदल, पोलीस, कमांडो, सगळे शोधाला लागले, शाळा बंद ठेवल्या. काही सापडलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये श्रीवर्धनजवळ हरिहरेश्वरला एक रिकामी नौका वाहत आली. आत तीन एके-४७ बंदुका होत्या. तपासात कळलं की ओमानजवळ बिघडून सोडून दिलेली ती नौका, घातपाताशी तिचा संबंध नाही.

मग हा सगळा खटाटोप फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. शेखाडीही त्याच तालुक्यातली. १९९३ मध्ये पैसे घेऊन डोळे मिटले गेले. २०२२ मध्ये नौका दिसताच खबर गेली आणि यंत्रणा धावली. तीस वर्षांत एवढा फरक पडला. खबर खोटी ठरली म्हणून सांगणाऱ्याला हसायचं नाही. आज हसलो, तर उद्या कुणी सांगायला येणार नाही.

तुमचं गाव किनाऱ्यावर नसेल. पण स्टेशन, एसटी स्टँड, आठवड्याचा बाजार सगळ्यांनाच आहे. म्हणून गटाच्या वहीत हे नंबर लिहून ठेवा: कुठल्याही अडचणीला ११२, सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४. आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, "आपल्या गावात असं काही दिसलं, तर आधी कुणाला सांगायचं?" उत्तर ठरलेलं असलं, की वेळेला घाबरायला होत नाही.

येते मी. सांभाळून राहा, एकमेकींना धरून राहा. नमस्कार.