एका तपाची वाट: ताऱ्यांच्या चुंबकीय चक्रांचा शोध

१/ मराठीत बारा वर्षांच्या काळाला ‘तप’ म्हणतात. सूर्यावरील डागांचे एक चक्र सरासरी अकरा वर्षांचे, म्हणजे जवळजवळ एका तपाचे. मार्च १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत ५७ वर्षांच्या एका खगोलशास्त्रज्ञाने असे काम हाती घेतले, की ज्याचे उत्तर मिळण्यास किमान एक तप लागणार हे पहिल्याच रात्री ठाऊक होते. त्यांचे नाव ऑलिन विल्सन. (वेधशाळेचे आणि त्यांचे नाव एकच असणे हा निव्वळ योगायोग.) त्यांचा प्रश्न साधा होता: हे चक्र फक्त आपल्या सूर्यालाच आहे, की इतर ताऱ्यांनाही?

२/ मुळात सूर्याचे चक्र सापडले तेही अशाच चिकाटीतून आणि काहीसे अपघाताने. जर्मनीतील डेसाऊ गावचे औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे १८२६ पासून रोज सूर्याचे निरीक्षण करीत होते. त्यांना हवा होता बुधाच्याही आत फिरणारा एखादा अज्ञात ग्रह. तो सूर्यबिंबावरून सरकताना डागांत हरवू नये, म्हणून ते डागांची नोंद ठेवत. ग्रह कधीच मिळाला नाही. सतरा वर्षांच्या वह्या मात्र सांगू लागल्या की डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या अंतराने वाढते आणि ओसरते.

३/ हे डाग म्हणजे नेमके काय, याचे उत्तर १९०८ मध्ये माउंट विल्सनवरच मिळाले. जॉर्ज एलरी हेल यांनी डागांच्या वर्णपटातील दुभंगलेल्या रेषांवरून दाखवून दिले की तेथे प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते. पुढे असेही कळले की प्रत्येक नव्या चक्रात डागांच्या जोड्यांची ध्रुवता उलटते. दोन चक्रे मिळून, म्हणजे सुमारे २२ वर्षांनी, चुंबकीय स्थिती मूळपदावर येते. डागांचे चक्र हे खरे तर सूर्याच्या चुंबकत्वाचे चक्र आहे.

४/ इतर ताऱ्यांबाबत अडचण उघड होती. मोठ्या दुर्बिणीतूनही तारा हा बिंदूच दिसतो. बिंदूवरचे डाग मोजणार कसे?

५/ वाट दाखवली कॅल्शियमने. सूर्याच्या वर्णपटात जांभळ्या टोकाशी आयनीभूत कॅल्शियमच्या दोन रुंद काळ्या रेषा आहेत. त्यांना एच आणि के म्हणतात. सूर्यपृष्ठाच्या लगेच वर जो वायूचा पातळ थर आहे, ज्याला वर्णगोल म्हणतात, तो चुंबकीय क्षेत्रामुळे तापला की या काळ्या रेषांच्या मध्यभागी प्रकाशाची बारीक शीर उमटते. डाग अधिक, तर ही शीरही अधिक तेजस्वी. तारा बिंदू असला तरी त्याचा वर्णपट घेता येतो, आणि त्यात ही शीर दिसू शकते.

६/ ती दिसलीही. पॉट्सडामचे गुस्टाफ एबरहार्ड आणि कार्ल श्वार्झशिल्ट यांनी १९१३ मध्ये स्वाती, रोहिणी यांसारख्या ताऱ्यांच्या वर्णपटांत ती नोंदवली. ताऱ्यांतील ही चमक सौरडागांच्या चक्राप्रमाणे कमीजास्त होते का, हे पाहायला हवे, अशी सूचनाही त्यांनी त्याच लेखात करून ठेवली. तीन वर्षांनी, महायुद्धाच्या धामधुमीत, आघाडीवर जडलेल्या आजाराने श्वार्झशिल्ट वारले. पुढे पन्नासहून अधिक वर्षे त्यांच्या सूचनेला उत्तर नव्हते.

७/ या विलंबाला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. चक्रात होणारा बदल लहान असतो आणि छायाचित्रण-काचेवरून इतक्या सूक्ष्म फरकाचे भरवशाचे मोजमाप होत नाही. दुसरे कारण अधिक मानवी आहे. दुर्बिणीच्या रात्री मोजक्या असतात. दहा-बारा वर्षे हाती काहीही न येण्याची शक्यता असलेल्या कामासाठी त्या कोण देणार, आणि मागणार तरी कोण?

८/ विल्सन या कॅल्शियम रेषांचे जुने अभ्यासक होते. येथे एक भारतीय नावही येते. कार्नेगी संस्थेच्या पाठ्यवृत्तीवर गेलेले वेणू बाप्पू यांनी विल्सन यांच्यासह १९५७ मध्ये दाखवले की या तेजस्वी शिरेची रुंदी ताऱ्याच्या मूळ तेजस्वितेशी थेट निगडित असते. रुंदी मोजा, तेजस्विता काढा, त्यावरून अंतर सांगा. हा ‘विल्सन-बाप्पू परिणाम’. बाप्पूंनी पुढे १९६० मध्ये कोडाईकनाल वेधशाळेची धुरा घेतली. तेथे तर विसाव्या शतकाच्या आरंभापासून कॅल्शियमच्या प्रकाशात सूर्याची चित्रे टिपली जात होती.

९/ रुंदीवरून विल्सन चमकीकडे वळले. प्रकाशाचे कण मोजणारी विद्युत साधने आता उपलब्ध होती. शंभर इंची हूकर दुर्बिणीवर त्यांनी सूर्यासारखे आणि त्याहून थोडे उष्ण वा थंड असे ९१ तारे निवडले. एच आणि के रेषांच्या मध्यातला प्रकाश मोजायचा, शेजारच्या साध्या प्रकाशाशी त्याचे गुणोत्तर काढायचे. म्हणजे आकाश जरा धूसर असले तरी हिशेब बिघडत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक ताऱ्याची हजेरी. लॉस एंजलिसच्या दिव्यांनी अंधुक दीर्घिकांचे निरीक्षण तेथे कठीण केले होते, पण या तेजस्वी ताऱ्यांना शहराच्या उजेडाची फारशी बाधा नव्हती.

१०/ १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ताऱ्यांची चमक बदलते का? होय. काही आलेख अगदी सूर्यासारखे हळुवार चढत-उतरत होते. हंस तारकासमूहातील ६१ सिग्नी ही जोडी त्यांतली ठळक: पुढील नोंदींनुसार तिच्यातील एका ताऱ्याचे चक्र सुमारे सात वर्षांचे, तर दुसऱ्याचे जवळपास बारा वर्षांचे निघाले. याउलट तिमिंगलातील टाऊ सेटीचा आलेख जवळजवळ सपाट राहिला.

११/ तोवर काम साठ इंची दुर्बिणीवर गेले होते. तेथे आर्थर व्हॉन, जॉर्ज प्रेस्टन प्रभृतींनी नवे मापक बसवले होते. १९८० पासून आठवड्यातून अनेक रात्री नोंदी होऊ लागल्या आणि ताऱ्यांचे स्वतःभोवती फिरणेही त्यांत उमटू लागले. १९८५ मध्ये शंभर इंची दुर्बीण बंद करण्यात आली. नोंदींचा धागा मात्र तुटला नाही. सॅली बालियुनास आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये १११ ताऱ्यांच्या नोंदी मांडल्या. तरुण तारे वेगाने फिरतात, खूप सक्रिय असतात, पण त्यांच्यात सुबक चक्र क्वचितच दिसते. सूर्याच्या वयाचे व त्याहून वृद्ध तारे संथ आणि शांत. नियमित चक्रे त्यांच्यातच. विल्सन हे पाहायला नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते.

१२/ आणखी एक प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. जॅक एडी यांनी १९७६ मध्ये जुन्या नोंदी चाळून हे ‘मॉन्डर किमान’ खरे असल्याचे सिद्ध केले. मग साहजिकच विचारले गेले: इतर तारेही असे मौनात जातात का?

१३/ १९९० मध्ये बालियुनास आणि रॉबर्ट जास्ट्रो यांनी उत्तर दिले की सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तारे अत्यंत कमी चमकीचे आहेत, आणि तेच मौनातले तारे असावेत. या वाटणीचा आधार घेऊन इतरांनी सतराव्या शतकातला सूर्य किती मंद झाला असेल, याचेही अंदाज बांधले. पृथ्वीच्या हवामानाच्या चर्चेत अशा आकड्यांना वजन असते. पाया पुरेसा तपासला गेला नव्हता, असे आज मागे वळून पाहता म्हणावेच लागते.

१४/ कारण २००४ मध्ये जेसन राइट यांनी हिप्पार्कस उपग्रहाने मोजलेली अंतरे वापरून हेच तारे पुन्हा पाहिले. मौनातले मानलेले बहुतेक तारे सूर्यासारखे नव्हतेच. ते वयोमानाने फुगू लागलेले तारे होते. त्यांची शांतता तात्पुरती नव्हती. ते म्हातारपण होते.

१५/ मग खरा मौनातला तारा एकही नाही? २०२२ मध्ये एक सापडला. शौरी तारकासमूहातला, सुमारे ३६ प्रकाशवर्षांवरचा एचडी १६६६२०. माउंट विल्सनच्या नोंदींत त्याचे सतरा वर्षांचे चक्र स्पष्ट होते. हवाईतील केक दुर्बिणीने ग्रहशोधासाठी घेतलेल्या वर्णपटांत मात्र त्याचा आलेख सपाट दिसला.

१६/ पंचाईत अशी की माउंट विल्सनचा कार्यक्रम २००३ च्या सुमारास थांबला होता आणि दोन्ही नोंदींच्या सांध्यावर, तारा शांत होत असतानाच, जवळजवळ काहीच हाती नव्हते. सपाटी खरी, की दोन दुर्बिणींच्या मापातला फरक? माउंट विल्सनच्या आधी न वापरलेल्या नोंदी आणि जवळपास तीस वर्षांची तेजस्वितेची मोजमापे जोडून जेकब लून व सहकाऱ्यांनी ती फट बुजवली. चक्र खरोखरच थांबले होते.

१७/ त्यात एक अनपेक्षित गोष्ट निघाली. मौनात गेलेला हा तारा त्याच्या नेहमीच्या चक्रातील नीचांकापेक्षा लक्षणीय मंद झालेला नाही. ना एकूण तेजात, ना कॅल्शियमच्या चमकीत. म्हणजे एखाद्या रात्रीच्या कमी चमकीवरून असा तारा ओळखता येणार नाही. त्याच्या आधीच्या चक्रांची वही हाती असावी लागते, आणि एचडी १६६६२० ची वही १९६६ पासून सुरू होते.