कुपोषित बालकांतील प्रतिजैव उपचार व हिवताप

तीव्र कुपोषणात बालकाची रोगप्रतिकारक्षमता क्षीण होते आणि ताप, सूज यांसारखी संसर्गाची नेहमीची लक्षणे प्रकट होतातच असे नाही. पुष्कळदा शरीराचे तापमान उलट घटते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येक तीव्र कुपोषित बालकास प्रतिजैव औषध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये सांगितले. गुंतागुंत नसलेल्या व घरी राहणाऱ्या बालकांबाबत मात्र मतभेद आहेत. मलावीतील चाचणीत (2013) प्रतिजैवांमुळे मृत्यू घटले. नायजरमधील चाचणीत (2016) बरे होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न औषधापेक्षा अंतराचा अधिक आहे. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात 1988 पासून निमवैद्यकीय सेवक, गावातील आरोग्यसेवक व दाया यांना बालकांतील न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्झॅझोल देण्यास शिकविले. ‘द लॅन्सेट’मधील 1990 च्या अहवालानुसार उपचार मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 0.8%, तर तुलनेच्या गावांत 13.5% होते. हा प्रयोग केवळ कुपोषित बालकांपुरता नव्हता. तथापि दवाखाना दूर असलेल्या मुलखात अल्पशिक्षित व्यक्तीही प्रतिजैव औषध सुरक्षितपणे देऊ शकते, हे त्याने दाखविले. पुढे नवजात अर्भकांतील जंतुसंसर्गावरही याच मार्गाने, जेंटामायसिनच्या अंतःक्षेपणासह, घरी उपचार झाले (1999 चा अहवाल).

न्यूमोनियाच्या या औषधांवर हिवतापाची भिस्त ठेवता येत नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपेरम जातीचा घातक हिवताप आढळतो; न्यूमोनियाप्रमाणे त्यातही श्वास जलद होऊ शकतो. त्यामुळे कुपोषित बालकाची रक्ततपासणी ताप नसतानाही करणे इष्ट ठरते. हिवताप आढळल्यास त्याचे औषध वेगळे द्यावे लागते.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. नायजरमधील दुष्काळग्रस्तांत अन्न पुन्हा सुरू होताच सुप्त हिवताप उसळल्याचे 1975 मध्ये नोंदविले गेले. रक्तातील वाढलेल्या लोहाशी त्याचा संबंध जोडण्यात आला. लोहामुळे जंतुसंसर्गही बळावण्याचा धोका असतो. रक्तक्षय स्पष्ट दिसत असूनही पहिल्या आठवड्यात लोह न देता, भूक परतून वजन वाढू लागल्यावरच ते द्यावे, असा नियम आहे. प्रतिजैव औषध मात्र पहिल्याच दिवशी सुरू केले जाते.