पत्र न वाचता पकडलेला चोर
३ मे १९७८. डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. स्पॅमची सुरुवात ती. पुढे फिल्टर शब्द तपासू लागले, तर स्पॅमवाल्यांनी स्पेलिंगच बदललं! मग २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी 'ग्रेलिस्टिंग' मांडलं. अनोळखी सर्व्हरला सांगायचं, "थोड्या वेळाने या." खरा सर्व्हर परत येतो, लाखो मेल उधळणारा तेव्हा सहसा फिरकत नसे. मजकूर न वाचता चोर सापडला.

युक्ती मला आवडते, पण धास्तीही वाटते. नुसत्या वागण्यावरून माणूसही ओळखता येतो. म्हणून "आम्ही मेसेज वाचत नाही" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. कुणाला, कधी, किती वेळा, ही नोंद कोण ठेवतंय, ते विचारा.