दम लागतोय? एकदा किडनीही तपासून घ्या

धाप लागली की आपण थेट छातीचा विचार करतो. दमा असेल, कफ झाला असेल म्हणतो आणि मेडिकलमधून पंप आणतो. पण काही जणांचा दम किडनीमुळे असतो, आणि तिथंच वेळ वाया जातो.

किडनी रक्तातलं जास्तीचं पाणी आणि मीठ लघवीवाटे बाहेर काढते. हे काम मंदावलं की पाणी अंगात साठतं. पायावर, डोळ्यांखाली सूज येते; पुढे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी उतरतं. असा माणूस आडवा झाला की घुसमटतो, रात्री उठून बसतो. डायलिसिसवाल्या घरांना हे सांगायला नको. आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण ४ तास मशीनवर राहावं लागतं. एसटी चुकली किंवा सोयाबीनची काढणी आली म्हणून एक पाळी बुडाली, तरी दम लागू शकतो.

दुसरं कारण आम्लाचं. शरीरातलं आम्ल फुप्फुसं आणि किडनी मिळून आवरतात. किडनी थकली की फुप्फुसं जोरात श्वास घेऊन भरपाई करतात. बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन चांगला दिसतो, तरी श्वास खोल आणि भरभर चालतो. शिवाय किडनीच्या आजारात रक्त कमी होतं, त्यानंही धाप लागते.

उलटंही घडतं. जबर न्यूमोनियात ऑक्सिजन आणि बीपी घसरलं की किडनीला मार बसतो, लघवी कमी होते. चुलीच्या धुरानं किंवा विडीनं फुप्फुसं खराब झालेल्यांच्या हृदयावर ताण येऊन पाय सुजतात. म्हणून नुसत्या सुजेवरून निदान करू नका.

भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्यांनी लेप्टो लक्षात ठेवावा. उंदरांच्या लघवीतून पसरणारा हा आजार वाढला तर दोन्ही अवयव एकदम धरतो. ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, लाल डोळे, आणि पुढे लघवी कमी होणं किंवा थुंकीत रक्त.

शुगर-बीपीवाल्यांनी वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करावी. अंगदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांनीही. टीबीचं औषध सुरू असेल आणि किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काही गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागतं. दम लागून झोपता येत नसेल किंवा लघवीच होत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि जुने रिपोर्ट सोबत घ्या.