शून्य टक्के व्याजाची जुनी गोष्ट



दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्राचं पहिलं पान फ्रिज, टीव्ही आणि वॉशिंग मशीननं भरून जातं. किमतीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'शून्य टक्के व्याज' किंवा 'नो कॉस्ट ईएमआय'. घरात कुठली वस्तू कधी घ्यायची हे बहुतेक वेळा आपणच ठरवतो, म्हणून या शून्याचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा. व्याज दुसऱ्या नावाखाली लपवणं ही आजची युक्ती नाही, आणि ते उघडं करायला लावणारे कायदेही आजचे नाहीत.

हप्त्यानं घेतलेली आणि जगभर घरोघरी पोचलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे शिलाई मशीन. १८५० च्या दशकात अमेरिकेत एका मशीनची किंमत शंभर डॉलरच्या वर होती. साध्या कुटुंबाची ती कित्येक महिन्यांची कमाई. १८५६ मध्ये आयझॅक सिंगर यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी वेगळी सोय काढली. थोडे पैसे आधी भरा, मशीन घरी न्या, बाकीचे दरमहा द्या. कागदोपत्री ते भाडं असायचं. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी कंपनीची, आणि हप्ते थकले तर मशीन परत जायचं. सिंगरची विक्री एका वर्षात जवळजवळ तिप्पट झाली.

या पद्धतीनं बायकांचं भलंही झालं, हे मान्य करायला हवं. मशीन घरात आलं की शिवणकाम करून चार पैसे मिळवता येत. पण तेव्हापासून दुकानात विचारायचा प्रश्न बदलला. 'एकूण किती?' च्या जागी 'महिन्याला किती?' आलं. महिन्याचा आकडा लहान दिसला की एकूण आकड्याकडे लक्ष जात नाही. व्याजाला लपायला तेवढी जागा पुरते.

आता आपल्याकडे येऊ. त्याच शतकात दख्खनमधला शेतकरी वस्तूसाठी नाही, तर शेतसाऱ्यासाठी आणि बी-बियाण्यासाठी कर्ज काढत होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि इथल्या कापसाचा चढा भाव उतरला. तशातच सरकारनं शेतसारा वाढवला. कर्जावर कर्ज चढत गेलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जखतं आणि हिशेबाच्या वह्या मागून घेऊन जाळल्या गेल्या. माणसांना इजा होण्याचे प्रकार त्या मानानं थोडे होते.

कागदांवर एवढा राग का? सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगापुढे जे आलं, त्यात याचं उत्तर सापडतं. खतावर लिहिलेली रक्कम आणि कुळाच्या हातात पडलेली रक्कम पुष्कळदा एक नसे. आधीचं व्याज मुद्दलात मिसळून नवं खत केलं जाई. अक्षरओळख नसलेला शेतकरी त्यावर अंगठा देई आणि पुढे कोर्टात तो कागदच खरा ठरे. दामदुपटीचा जुना नियम होता, म्हणजे मुद्दलाइतक्यापेक्षा जास्त व्याज एका वेळी मागता येत नसे. पण व्याजच मुद्दल म्हणून लिहिलं की तो नियमही निरुपयोगी व्हायचा.

इथे आपण जैनांनी थोडं थांबायला हवं. त्या गावांतल्या सावकारांत मारवाडी आणि गुजराती वाणी पुष्कळ होते, आणि त्यांत आपल्या समाजातली माणसंही होती. सगळेच लबाड होते असं नाही. अडीनडीला गावाला पैसा पुरवणारं दुसरं कोणी नव्हतं, हेही खरं. पण श्रावकाच्या सत्य अणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' स्पष्ट सांगितली आहे. खोटा लेख करणं हा व्रताचा दोष आहे. दिले ऐंशी आणि लिहिले शंभर, तर तो कूटलेखच. व्याज घेणं वेगळं आणि व्याज लपवणं वेगळं, हा फरक आपल्या शास्त्रानं कधीच करून ठेवला होता.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. खतावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता मुळात किती पैसे दिले गेले, त्यावर व्याज किती चढलं, हे सुरुवातीपासून तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. फेडलेल्या पैशांची पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. कायद्याचं म्हणणं थोडक्यात हेच होतं, की मुद्दल आणि व्याज वेगवेगळं दाखवा.

स्वतंत्र भारतात हाच प्रश्न हप्त्यांच्या खरेदीत पुन्हा आला. १९७२ मध्ये संसदेनं भाडे-खरेदी कायदा मंजूर केला. करारात वस्तूची रोख किंमत आणि हप्त्यांची एकूण किंमत, दोन्ही लिहिली पाहिजेत असं त्यात होतं. किती साधी गोष्ट! दोन आकडे शेजारी आले की मधला फरक कोणालाही दिसेल. पण हा कायदा प्रत्यक्षात लागूच झाला नाही आणि २००५ मध्ये रद्द करण्यात आला.

मग आला १७ सप्टेंबर २०१३. सणांचा हंगाम तोंडावर असताना रिझर्व्ह बँकेनं बँकांना परिपत्रक पाठवलं. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांत व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपात ग्राहकाकडून घेतलं जातं, असा त्याचा आशय होता. दुकानदार सूट देणार असेल तर ती ग्राहकाला किमतीतून मिळावी, व्याजाचा दर खोटा कमी दाखवू नये, असंही बँकांना सांगितलं गेलं. त्यानंतर 'नो कॉस्ट ईएमआय' हे नाव जास्त दिसू लागलं. यात बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम किमतीतून सूट म्हणून वजा केली जाते. म्हणजे रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती व्याजात जाते.

एक हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. फ्रिजवर किंमत लिहिली आहे ३०,००० रुपये. योजना सहा हप्त्यांची, दरमहा ५,०००. फाइल चार्ज आणि कर मिळून ५०० रुपये आधी द्यायचे. तोच फ्रिज रोखीनं घ्यायचा म्हटलं तर दुकानदार २८,५०० ला द्यायला तयार आहे. म्हणजे हप्त्यानं आपण ३०,५०० देतो, रोखीपेक्षा २,००० जास्त. सहा महिन्यांत दोन हजार, फार वाटत नाही. पण ५०० तर पहिल्याच दिवशी गेले, म्हणून खरी उधारी २८,००० ची. तीही दर महिन्याला कमी होत जाते. पहिला हप्ता महिन्यानं धरला तर या उधारीचं व्याज दरमहा शेकडा दोन पडतं, वर्षाला सुमारे २४ टक्के. पाटीवर शून्य, हिशेबात चोवीस.

हप्ता एखाद्या महिन्यात चुकला तर दंड वेगळा आणि क्रेडिट रेकॉर्डवर डाग वेगळा. काही ठिकाणी सोबत विमा किंवा वाढीव वॉरंटी गळ्यात घालतात, तीही किमतीत धरायला हवी. अमेरिकेतल्या काही दुकानांच्या कार्डांवर तर ठरलेल्या मुदतीत थोडीशी जरी रक्कम बाकी राहिली, तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज लावतात. तिकडे राहणाऱ्या मुली-सुनांनी 'डिफर्ड इंटरेस्ट' हे शब्द दिसले तर सावध राहावं.

मग हप्त्यानं काहीच घेऊ नये का? तसं नाही. रोख किंमत खरोखरच तेवढीच असेल, फी नसेल आणि पैसे बाजूला ठेवलेले असतील, तर हप्ता ही सोय आहे. फक्त दुकानात चार गोष्टी विचारायच्या. सगळे पैसे आज दिले तर किती घ्याल? हप्ते, फी, कर आणि विमा मिळून शेवटी किती जातील? वस्तू परत केली तर फी परत मिळेल का? आणि हप्ता चुकला तर दंड किती? कर्ज फायनान्स कंपनीचं किंवा बँकेचं असेल तर 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ते आपल्याला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे, आणि सगळे आकार धरून वर्षाला किती टक्के पडतात ते त्यात लिहिलेलं असतं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला मात्र हा नियम लागू नाही, तिथे हिशेब आपणच करायचा.

आणि या चार प्रश्नांच्याही आधी एक प्रश्न घरातच विचारायचा. परिग्रह-परिमाण घेतलेलं असो वा नसो, 'व्याज नाही म्हणून घेतोय की गरज आहे म्हणून?' खरी गरज असेल तर ती वस्तू रोख किमतीतही गरजेचीच वाटेल.