यंत्राची सुई आणि भरणारा हात



काही दिवसांपूर्वी आम्ही दहाबारा जणी चार दिवस एकत्र राहून यंत्रावरचे भरतकाम शिकलो. शिवणयंत्र आम्हां प्रत्येकीच्या घरी होतेच. परंतु त्यावर अभ्रे व परकर शिवणे निराळे, आणि त्याच यंत्रावर मोगऱ्याची कळी भरणे निराळे. शिक्षिकाबाईंनी प्रथम यंत्राचा पाय काढावयास लावला, कापड पुढे सरकविणारे खालचे दाते झाकले, आणि लाकडी कड्यात ताणून बसविलेले कापड आमच्या हाती दिले. हाताने भरताना कापड स्थिर असते व सुई फिरते. येथे सुई जागच्या जागी खालीवर होते आणि कापड फिरवावे लागते. लेखणी खिळवून ठेवावी आणि कागद फिरवून अक्षर काढावे, तसाच हा प्रकार! हात रेंगाळला की टाके एका जागी साचतात. हाताने घाई केली की सुई वाकते व मोडते. पहिल्याच दिवशी माझ्या तीन सुया मोडल्या.

आमच्यात एक वयोवृद्ध बाई होत्या. हातच्या कशिद्यात त्यांचे आयुष्य गेलेले. त्या म्हणाल्या, "मुलींनो, यंत्राने केले ते भरतकाम कसले? त्यात भरणारा हात कुठे आहे?" हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी इतिहासाकडे वळले.

तेथे प्रथमच एक नवलाची गोष्ट आढळली. शिवणयंत्र आधी झाले आणि भरतकाम मागाहून त्यावर आले, असा आपला समज असतो. वस्तुतः शिवणयंत्राने आपला पहिला धडा भरतकामापासूनच घेतला. आपल्याकडे कच्छमध्ये आणि काश्मिरात आरीने साखळी टाका घालण्याची जुनी रीत आहे. आरी म्हणजे टोकाशी आकडा असलेली सुई. तसल्याच आकड्याने, डफासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून, युरोपातही साखळी टाका घालीत असत. फ्रान्समधील बार्थेलेमी थिमोनिए या शिंप्याने ते काम पाहिले होते. तोच आकडा त्याने लाकडी यंत्रात बसविला आणि १८३० साली त्याचे पेटंट मिळविले. पॅरिसमध्ये अशा सुमारे ८० यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले. परंतु आपल्या पोटावर पाय येणार या भीतीने शिंप्यांचा जमाव कारखान्यावर चालून गेला आणि त्याने यंत्रांचा चुराडा केला. थिमोनिए १८५७ साली दारिद्र्यातच वारला. त्याला दोष द्यावा की त्या शिंप्यांना, हे सांगणे सोपे नाही. भूक दोन्हीकडे होती.

त्याच सुमारास, १८२८ मध्ये, मुलूझ येथील जोसुए हाइलमान याने खास भरतकामाचेच यंत्र रचिले. उभे ताणलेले कापड, त्याच्या दोन्ही बाजूंस चिमटे, आणि दोन्हीकडे टोक असून मध्ये नेढे असलेल्या सुया! एका बाजूचे चिमटे सुई कापडात घालीत, दुसऱ्या बाजूचे ती ओढून घेत. कारागीर मोठ्या आकाराच्या नक्षीवरून एक दांडा फिरवी, आणि प्रत्येक सुई तीच नक्षी लहान प्रमाणात उतरवी. स्वित्झर्लंडच्या सेंट गालेन भागात ही यंत्रे शेतकऱ्यांच्या घराघरांत शिरली. तीनशेच्या आसपास सुया असलेल्या यंत्रावर बाप काम करी, आणि त्या सुयांत दोरा ओवण्याचे काम बायकामुलांकडे असे. दोरा ठराविक लांबीचा, म्हणून तो संपला की पुन्हा सगळ्या सुया ओवावयाच्या. १८७७ च्या कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव झाला. पण घरातील उद्योगाला तो कायदा लागू नव्हता. सबब शाळेआधी आणि शाळेनंतर लहानग्यांची बोटे ओवीतच राहिली.

तिकडे अमेरिकेत १८४६ साली एलियास हाऊ याने टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालचा धोटा यांच्या जोडीने पक्की टीप घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १८५१ साली सिंगरचे यंत्र आले, आणि काही वर्षांतच ते हप्त्याने मिळू लागल्यामुळे सामान्य घरांतही पोहोचले. मग ऋण फिटण्याची पाळी आली. १८६३ साली इझाक ग्रोब्ली या स्विस गृहस्थाने शिवणयंत्राची सुई व धोटा भरतकामाच्या यंत्राला जोडला. त्या धोट्याचा आकार होडीसारखा, म्हणून यंत्रालाच त्यांच्या बोलीत 'शिफ्ली', म्हणजे छोटी होडी, असे नाव पडले. आता दोरा अखंड चालू लागला. १८९८ मध्ये ग्रोब्लीच्या मुलाने नक्षी छिद्रांच्या पट्टीवरून वाचणारे स्वयंचलित यंत्र केले. आजच्या संगणकी भरतकामाचे ते पूर्वज होय. १९१० च्या सुमारास भरतकाम हा स्वित्झर्लंडचा सर्वांत मोठा निर्यात व्यापार होता. मात्र पहिल्या महायुद्धानंतर फॅशन पालटली, मागणी आटली, आणि यंत्रे सरकारी साहाय्याने मोडीत काढण्याची वेळ आली.

आपल्याकडे यंत्राचे स्वागत निराळ्या कारणाने झाले. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे कार्य सुरू झाले. तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामही शिकविले जाई. विधवेला किंवा परित्यक्तेला चार पैसे मिळविता यावेत हा हेतू तर होताच. परंतु घराचा उंबरठा ओलांडून चारजणींत बसून शिकणे, हाही त्या काळी लहानसहान लाभ नव्हता. यंत्रयुगावर एवढी कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला, कारण त्याच्या मुळाशी त्यांना स्त्रीच्या कष्टांविषयीची माया दिसली.

तेव्हा यंत्र चांगले की वाईट, असा प्रश्न करून भागत नाही. तेच यंत्र एका घरी मुलांची बोटे राबविते आणि दुसऱ्या घरी निराधार स्त्रीला उभे करते. ते कोणाच्या हाती आहे आणि त्याचा लाभ कोणास मिळतो, हे पाहावे लागते.

आता त्या वृद्ध बाईंविषयी सांगून पुरे करते. अलीकडे त्यांच्या डोळ्यांना सुई ओवणे जमेनासे झाले होते, म्हणून त्यांचा कशिदा सुटला होता. यंत्राची सुई शेजारणीने एकदा ओवून दिली, आणि चौथ्या दिवशी त्यांनी आंब्याचे एक पान भरले. पान थोडे वाकडे आले होते. जुन्या सवयीप्रमाणे त्यांनी कापड उलटे करून मागची बाजू निरखून पाहिली, आणि हळूच म्हणाल्या, "वाकडे आले, म्हणजे हात माझाच आहे गं."