बर्लिनच्या टेक्नोमागचे दुकान

बर्लिनची भिंत पडली त्याच वर्षी, १९८९मध्ये, मार्क अर्नेस्टस यांनी पश्चिम बर्लिनच्या क्रॉइझबर्ग भागात ‘हार्ड वॅक्स’ हे तबकड्यांचे दुकान काढले. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय संगीतकारांचे टेक्नो बर्लिनच्या डीजेंपर्यंत पोहोचविण्यात या दुकानाचा वाटा मोठा. १९९१मध्ये वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीच्या खोलीत ‘ट्रेझोर’ क्लब सुरू झाला. त्याच्या लेबलची पहिली तबकडीही डेट्रॉइटकरांचीच. १९९३मध्ये अर्नेस्टस यांनी मोरिट्झ फॉन ओस्वाल्ड यांच्यासह ‘बेसिक चॅनल’ हे लेबल काढले. प्रसिद्धीचे वावडे इतके, की तबकडीवरील लेबलचे नावही पुढेपुढे वाचता येईनासे झाले! बड्या कंपन्यांवर विसंबायचे नाही, म्हणून मूळ तबकडी कोरण्याचे कामही ‘डबप्लेट्स अँड मास्टरिंग’ या स्वतःच्याच स्टुडिओत होऊ लागले.